एकास एक

हॅरो, ९ जून २०२४

ब्रिटा,

अक्षर एवढं मोठं का, असं वाटेल तुला. पॅनेलवर नावं घालायचा जाड मार्कर हाताशी होता, त्यानंच लिहितोय. आणखी काही कारण नाही.

आपण दोन वर्षं बोललेलो नाही, आणि आताही बोलायला म्हणून लिहीत नाही. कायद्याचा एक प्रश्न आहे. कायदा तुझा. राजधानीत माइकसमोर उभी राहून तू तो मागून घेतलास, तेव्हा उत्तरही तुलाच ठाऊक असणार.

मला समजलेला कायदा असा. चुकलं तर दुरुस्त कर. येत्या एकतीस डिसेंबरपर्यंत जुनी रीत चालेल. म्हणजे शिकाऊ माणसानं लायसन्स असलेल्या पक्क्या वायरमनच्या बाजूला आठ हजार तास काम करायचं, मग परीक्षेला बसायचं. एक जानेवारीपासून मात्र सरकारी नोंदणी असलेल्या शाळेतून आलेल्यालाच परीक्षा. नोंदणी असलेली जवळची शाळा युनियनची, आणि ती युनियनच्या दुकानातलीच माणसं घेते. आमच्यासारख्या युनियनबाहेरच्यांची शाळा डोंगरापलीकडे. हिवाळ्यात खिंड बंद असली की शाळाही बंद समजायची. आणि पक्का एक असेल तर शिकाऊही एकच, हे मात्र आत्तापासूनच. एकास एक.

लिरॉय मार्चमध्ये निवृत्त झाला. स्टॅनला तुमच्या युनियनच्या लोकांनी पेन्शन दाखवून नेलं. दुकानात पक्का म्हणून मी एकटा उरलो, म्हणून दोन शिकाऊंना घरी पाठवावं लागलं. चांगली माणसं होती. एक आता किराणा दुकानात फळ्या भरतो.

उरली मारिसेला. तू तिला पाहिलेलं नाहीस. अडतीस वर्षांची आहे, दोन मुलं आहेत, दहा वर्षं पॅकिंग हाउसच्या पट्ट्यावर सफरचंदं निवडायची. एकदा पट्ट्याची मोटर बंद पडली होती, मी दुरुस्त करत होतो, तर ही मागे येऊन उभी. म्हणाली, "डॉन लाइल," स्पॅनिशमध्ये मानानं असं म्हणतात, "हे कुणालाही शिकता येतं का?" मी म्हटलं, "कुणालाही नाही. ऐकणाऱ्याला." त्याला चार वर्षं झाली. तिचे सातशे तास उरलेत. डिसेंबरच्या आत ते भरले आणि परीक्षा झाली तर ती पक्की वायरमन. नाही झाली, तर चार वर्षं पाण्यात आणि ती परत पट्ट्यावर.

तर प्रश्न असा. "बाजूला" म्हणजे कायद्याच्या हिशेबानं किती बाजूला? पक्क्यानं त्या खोलीत असलं की पुरे, की तारेला त्याचाही हात लागायला हवा? समजा तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि नुसतं बघत राहिला, तर तास धरतात का?

तुझा,
डॅड

*

हॅरो, २१ जुलै

ब्रिटा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी वेंडेललाच विचारलं. इन्स्पेक्टर वेंडेल ऑस्लर, तोच, केस पिकलेत आणि अजून डायनरमध्ये अ‍ॅपल पायवर जास्तीचं क्रीम मागतो. म्हणाला, "लाइल, तू त्या इमारतीत हजर असलास की झालं. तू तिथं बसून काय करतोस ते मी मोजत नाही."

म्हणजे कायद्याला माणूस हवाय. मिळाला त्याला माणूस.

बाकी काम जोरात आहे. जुन्या कोल्ड स्टोरेजमध्ये नवे पंखे बसवले. स्विच दाबला तर चारही पंखे उलटे फिरायला लागले. तीन तारांपैकी दोहोंची अदलाबदल झाली की असं होतं, तुला माहीतच आहे. आमच्या आधी शहरातलं एक मोठं दुकान तिथं तारा ओढून गेलं होतं, त्यांनीच रंग चुकवले असणार. मालक माझ्यावर ओरडला. मी त्याच्यावर ओरडलो. मारिसेला शिडीवर चढली, दोन तारा बदलल्या आणि खाली उतरली.

ट्रक हल्ली तीच चालवते. क्लच कुरकुरतो, माझा गुडघाही. दुपारी ती डब्यातून तमाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले उंडे, आणते आणि मला जबरदस्तीनं खायला लावते. म्हणते, "तुम्ही उपाशी राहिलात तर मला शिकवणार कोण?" मी म्हणतो, "दोन घास कमी खाल्ले तर मरत नाही मी." ती म्हणते, "कायद्यानं तुम्हाला डिसेंबरपर्यंत मरता येत नाही." आगाऊ आहे, पण हात चांगला आहे.

डॅड

*

हॅरो, ८ सप्टेंबर

ब्रिटा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी पाच शब्द. "डॅड, गाडी ती का चालवते?"

क्लच म्हणून लिहिलं होतं ना मी? का नीट वाचत नाहीस?

तू कायमच अशी. दहा गोष्टी सांगितल्या की नेमकी अकरावी विचारायची. त्या दिवशी राजधानीत कायद्याच्या सुनावणीतही तेच केलंस. माझं नाव आधी पुकारलं होतं. दोन मिनिटं मिळाली. छोटी दुकानं मरतील, आमच्या खोऱ्यातल्या पोरांना दार बंद होईल, एवढं मी कसंबसं बोललो. मला माइकची सवय नाही. खाली बसतो न बसतो तोच समितीच्या बाईंनी पुढचं नाव वाचलं, ब्रिटा एंगब्रेट्सन, कायद्याच्या बाजूनं. मला वाटलं, चुकून बाजूनं म्हणाल्या. मी वळून तुझ्याकडे बघून हसलोसुद्धा.

तू उभी राहिलीस आणि सांगितलंस, "मी सतरा वर्षांची असताना माझे वडील मला उघड्या पॅनेलसमोर एकटीला ठेवून दुसऱ्या कामावर जायचे. मी वाचले ते नशिबानं. कुणाच्या मुलीचा जीव नशिबावर सोडू नका." सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी टोपी घेतली आणि उठलो. खिंडीतून एकटा गाडी हाकत घरी आलो, आणि तुझा फोटो भिंतीवरून काढून ठेवला. फेकला नाही. काढून ठेवला.

तुझ्या कायद्यानं मला दोन चांगल्या माणसांना हाकलावं लागलं. मारिसेला रोज कॅलेंडरकडे बघते. ज्याच्याकडे मोठं दुकान आहे, शाळा आहे, कामावर माणसं पाठवणारा युनियनचा हॉल आहे, त्याला कायदा सोपा. आमच्या खोऱ्यातल्या युनियनबाहेरच्या सगळ्या दुकानांत पक्के मोजके, आणि प्रत्येकाला आधीच एक शिकाऊ चिकटलेला. उद्या मी पडलो तर मारिसेलाला घ्यायला एकही जागा मोकळी नाही. याचा विचार केला होतास त्या दोन मिनिटांत?

गाडी ती चालवते कारण तिला आवडते चालवायला.

डॅड

*

हॅरो, ३ ऑक्टोबर

ब्रिटा,

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून वाच. मला दिसत नाहीत.

दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय. कडेकडेनं दिसतं, पण जिथं बघावं तिथंच नाही. डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं. गाडी त्या दिवसापासून बंद. रंगही गेले. तपकिरी आणि नारिंगी तार मला एकच वाटते. पंखे उलटे फिरले ते माझ्यामुळे. शेवटचा जोड पक्क्यानंच मारायचा असा हट्ट धरून मीच शिडीवर चढलो होतो. शहरातल्या लोकांनी तारा बरोबर ओढल्या होत्या.

मारिसेलाला मी सांगितलं नव्हतं. तिला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला रंग विचारावे लागू नयेत म्हणून ती कामाला लागली की स्वतःशीच मोठ्यानं म्हणायची, "तपकिरी डावीकडे, नारिंगी मध्ये." मला वाटायचं, पाठ करतेय.

मग परवाचं. पॅकिंग हाउसचं जुनं पॅनेल बदलायचं होतं. मेन स्विच पाडला, मी टेस्टर लावला आणि म्हटलं, "मेलीय. घाल हात."

लाइन जिवंत होती. मागच्या शेडमधून कुणीतरी कधीकाळी दुसरी लाइन आणून जोडली होती. टेस्टरचा लाल दिवा पेटला होता, ब्रिटा, माझ्या नाकासमोर, आणि मला दिसला नाही. दिसला नाही म्हणजे मेलीय, असं मी धरून चाललो.

मारिसेलानं हात घातला नाही. स्वतःचा टेस्टर काढला आणि लावला. तिचा टेस्टर पिपाणीसारखा ओरडला. ती शेडमध्ये गेली, दुसरा स्विच शोधून पाडला, परत आली, पुन्हा तपासलं आणि कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीत तिनं तो ओरडणारा टेस्टर माझ्या खिशात घातला. "हा तुम्ही ठेवा," म्हणाली, "माझ्याकडे दुसरा आहे." बस, एवढंच. तमालेचं पान उलगडून माझ्या हातात दिलं.

मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? दुसऱ्यानं मेलीय म्हटलं तरी स्वतः तपासायचं. बापानं म्हटलं तरी. तेच मी तिला शिकवलं, आणि म्हणून ती आज मुलांना शाळेतून आणायला गेली. मी बाजूला होतो म्हणून ती वाचली नाही. कायद्याप्रमाणे मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो, आणि मीच तिला मारलं असतं.

जेवण जात नाही. मी कधी कुणाला असं लिहिलेलं नाही. मला भीती वाटते, पोरी.

परवापासून मी तिला कामावर नेलेलं नाही. मी बादलीवर बसलो तर तिचे तास भरतील, पण मी आता बसणार नाही. तिचे दोनशे दहा तास उरलेत आणि कॅलेंडर थांबत नाही. ड्वेन प्रुइटच्या दुकानात विचारलं, त्याच्याकडे एकास एक पूर्ण आहे. बाकीच्यांकडेही तेच. मला माझ्यासाठी काही नको. तू हा कायदा आतून ओळखतेस. त्यात तिच्यासाठी एखादं दार असेल तर सांग. नसेल तर नाही म्हणून सांग, पण लवकर.

डॅड

*

हॅरो, १९ ऑक्टोबर

ब्रिटा,

तुझं पत्र मारिसेलानं वाचून दाखवलं. दोनदा. हे मात्र मीच लिहितोय, मार्करनं, पट्टी ठेवून.

एकच दार आहे म्हणालीस. दुकान युनियनमध्ये न्यायचं. करारावर सही केली की हॉल एक पक्का वायरमन माझ्या दुकानात पाठवेल, तो मारिसेलाच्या बाजूला उभा राहील, आणि तिचे तास एक दिवसही न मोडता पुढे चालतील.

तुला माहीत आहे मी काय बोलत आलोय ते. ट्रकच्या दारावर काय लिहिलंय तेही. "एंगब्रेट्सन इलेक्ट्रिक. स्वतंत्र दुकान." तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं रंगवलेली अक्षरं ती. हॉलच्या माणसांना मी या दुकानाच्या पायरीवरून दोनदा परत पाठवलंय, एकदा कुत्रं सोडून.

काल सही केली. हॉलकडून कर्टिस नावाचा दाढीवाला मुलगा आला होता. कागद कुठं आहे ते मला दिसेना, त्यानं माझं बोट धरून ओळीवर ठेवलं. सभ्य आहे. जाताना दारात थांबून म्हणाला, "मिस्टर एंगब्रेट्सन, ते कुत्रं अजून आहे का हो?" मी म्हटलं, "मेलं." म्हणाला, "वाईट वाटलं." मला वाटतं, खरंच वाटलं असावं.

आज डायनरमध्ये आमच्या नेहमीच्या टेबलाशी कॉफीला गेलो. ड्वेन बोललाच. "काय रे लाइल, आता कॉफी प्यायलाही हॉलची परवानगी लागते का?" सगळे हसले. चाळीस वर्षं यांच्याबरोबर बसलोय. कुणाच्या बायकोला दवाखान्यात मी नेलं, कुणाचं घर जळलं तर वायरिंग फुकट केलं. कुणी खुर्ची सरकवली नाही. मारिसेला बाहेर ट्रकमध्ये थांबली होती, परत जाऊन तिला सांगितलं, अ‍ॅपल पाय संपलाय.

ट्रकच्या दारावरचं "स्वतंत्र दुकान" तिनं घासून काढलं. एंगब्रेट्सन ठेवलं. मी बोटानं चाचपून बघितलं.

हॉल अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, माणूस पाठवेल. कोण ते त्यांच्या यादीप्रमाणे, ज्याचा नंबर असेल आणि ज्याला इतक्या लांब, एवढ्या छोट्या दुकानात यायचं असेल तो. तू मोठ्या हॉस्पिटलच्या कामावर फोरमन आहेस हे मला माहीत आहे. मी कुणाचं नाव सुचवलं नाही. येणाऱ्याला कुणाकरवी निरोप मिळाला तर बरं, पॅकिंग हाउसच्या मागच्या दारानं ये म्हणावं, पुढच्या दाराशी सफरचंदांचे ट्रक लागतात. सात वाजता.

डॅड

*

हॅरो, १९ जानेवारी २०२५

ब्रिटा,

हे मारिसेला लिहितेय, मी सांगतोय. ती म्हणते, तुम्ही बोलाल तेच लिहीन, गाळणार नाही. बघू. (गाळलेलं नाही. मारिसेला.)

तू दोन महिने इथं होतीस आणि आपण तारा, पाइप आणि हवामान सोडून काही बोललो नाही. तू गेल्यावर मला बोलायला सुचलं. मी असाच आहे.

तुला वाटतं, त्या सोमवारी मी तुला ओळखलं नाही. तू दारातून आलीस तेव्हा मला एक कोट दिसला, त्याला डोकं नव्हतं. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, मिस्टर." तू हत्यारांची पेटी खाली ठेवलीस. मारिसेलानं तुला सांगितलं, "मेलीय, मी तपासलंय." आणि मग मी ऐकलं. टेस्टर लावण्याआधी मांडीवर दोनदा ठोकण्याचा आवाज. ठक ठक. आतली बॅटरी सैल असेल तर तेव्हाच कळावं म्हणून. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. हे मी शिकवलंय, आणि आजवर तीनच माणसांना. एक मारिसेला, ती शिडीवर होती. एक लिरॉय, तो फ्लोरिडात मासे धरतोय.

मला त्याच क्षणी कळलं. आणि तोंडातून निघालं ते काय, तर, "सात वाजून गेलेत." तू म्हणालीस, "खिंडीत बर्फ होता." बास. बापलेकीची भेट झाली. (मी शिडीवर रडत होते. त्यांना माहीत नाही. मारिसेला.)

फोरमनची जागा सोडून आलीस हे मला कर्टिसनं सांगितलं, तू नाही. यादीत तुझ्या आधी नंबर असलेल्या आठ जणांनी नको म्हटलं होतं हेही त्यानंच सांगितलं.

मारिसेला पास झाली. कार्ड मंगळवारी आलं. ती म्हणाली, भिंतीवर माझ्या कार्डाशेजारी लावू. मी म्हटलं, शेजारी काही नसेल. तुझा फोटो परत तिथं लावलाय, त्याच खिळ्यावर, कार्ड त्याच्या शेजारी आहे.

माझं वायरमनचं कार्ड मी वेंडेलला नेऊन दिलं. तो घेईना. म्हणाला, "लाइल, कशाला? राहू दे खिशात, मुदत संपेल तेव्हा संपेल. कोण विचारतंय?" मी म्हटलं, "वेंडेल, दिसतं का म्हणून तू मला मार्चमध्येच विचारायला हवं होतंस." मग त्यानं घेतलं. दुकानाचं लायसन्स अजून माझ्या नावावर आहे, त्याला सही पुरते. पण तारेला हात लावायचा मला आता हक्क नाही. शिकाऊ म्हणूनही नाही, कारण एक जानेवारी उलटली आणि तुझ्या कायद्याप्रमाणे मला आधी शाळेत नाव घालावं लागेल. एकाहत्तराव्या वर्षी. कर्टिसला विचारलं, तर म्हणाला, फॉर्म पाठवतो.

मी अजूनही म्हणतो, त्या कायद्यानं माझ्या दोन माणसांची भाकरी गेली. त्यातला जो फळ्या भरतो त्याला कर्टिसनं शाळेत घ्यायचं कबूल केलंय. दुसरा गाव सोडून गेला, त्याचा पत्ता लागत नाही. ते माझ्या मनातून जाणार नाही, तुझ्याही जाऊ नये.

पण तू त्या दोन मिनिटांत जे सांगितलंस ते खरं होतं. सतरा वर्षांची होतीस, आणि मी शेजारच्या खोलीत नव्हतो. मी शेजारच्या गावात होतो. खोली भरून माणसं होती म्हणून मला लाज वाटली, आणि लाजेला मी राग म्हणत राहिलो. माफ कर.

काल चर्चच्या स्वयंपाकघरात काम होतं. मारिसेला शिडीवर, मी खाली शिडी धरून. शिडी धरायला कायद्यात बंदी नाही, मी विचारून घेतलंय. वरून ती म्हणाली, "मेलीय, डॉन लाइल." माझा हात सवयीनं खिशातल्या ओरडणाऱ्या टेस्टरकडे गेला. मग मी तो बाहेर काढला नाही. पन्नास वर्षं मी कुणाच्या शब्दावर लाइन मेलेली मानली नव्हती. काल म्हटलं, बरं, कर सुरू.

तुझा,
डॅड

(एवढंच नाही म्हणाले. आधी विचारलं, "ठक ठक केलंस?" मी केलं होतं. तरी म्हणाले, पुन्हा कर, मला ऐकू दे. मी केलं. तेव्हा कुठे त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरली. मारिसेला.)